यंदाचा गोषा

मुंबईला परतून आठवडा झाला. चाळीतल्या बायका अजून विचारतात, "बाई, साताऱ्याहून काय आणलंत?" कंदी पेढे आणले होते, ते पहिल्याच दिवशी संपले. भडंगाची पुडी बसमध्येच फुटली. आणि जाताना जड असलेली ट्रंक येताना एका हातात पेलत होती, हे शेजारच्या ठकूच्या नजरेतून सुटलेलं नाही. तिला मी म्हटलं, थांब, सगळं लिहूनच काढते. पुण्याच्या पलीकडं न गेलेल्या तुम्हां सगळ्यांना एकदमच कळेल.

मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. आमच्या महिला मंडळानं यंदा ठरवलं, की खेड्यापाड्यांतल्या शिकलेल्या मुली निवडायच्या आणि मिरजेच्या एका इस्पितळात सुइणीच्या शिक्षणाला पाठवायच्या. निवड करायला मला धाडलं. म्हातारी आहे, फटकळ आहे, कुणी फसवायचं नाही, असा हिशेब. शिवाय पंधरा ऑगस्टला सांगलीत बायकांच्या सभेत मी बोलायचं होतं. म्हणून बरोबर तीन लुगडी घेतली. एक प्रवासाचं, एक घरात नेसायचं आणि एक सभेसाठी कोरं, घडीही न मोडलेलं. आमच्या दवाखान्यातल्या पोरी मला अजून नऊवारी नेसते म्हणून हसतात. या खेपेला नऊवारी होती ते फार बरं झालं.

सातारा

सातारा रोड स्टेशनावरून मोटारीनं गावात शिरताना अजिंक्यतारा ढगात डोकं खुपसून बसला होता. हवा अशी, की मुंबईच्या माणसानं बाटलीत भरून न्यावी. माझा मुक्काम आमच्या मंडळाच्या काशीताईंकडं होता. त्यांचे यजमान वकील. जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि अशी आमटी, की माझं नाक जेवणभर वाहत होतं. चहा गुळाचा. साखर रेशनवर, आणि रेशनवर असते म्हणजे नसते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक कागद करून घ्यायला गेले. साहेब जाऊन वर्ष होत आलं, पण साहेबाचा पट्टेवाला राहिला आहे. तोच लाल पट्टा, तोच बिल्ला, आणि खेड्यातल्या माणसावर तसंच खेकसणं. बाहेर पावसात माणसं उकिडवी बसली होती. मला मात्र पांढरं लुगडं आणि चष्मा पाहून लगेच खुर्ची मिळाली. "स्वराज्यात रांग नाही का हो?" असं मी विचारलं, तर पट्टेवाला हसून म्हणाला, "बाईसाहेब, रांग त्यांच्यासाठी हाय." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, याचंच मला नवल वाटलं.

येताना काशीताईंनी एका गल्लीतून नेलं. तिथं पौषात जाळलेल्या घरांच्या भिंती काळ्या उभ्या होत्या. गांधीजी गेले त्या वेळचा तो डोंब. एका घराच्या आत, छप्पर नसलेल्या माजघरात, तुळस मात्र कुणीतरी पाणी घालून जगवली होती. काशीताई पुढं पुढं चालत राहिल्या.

नाक्यावर मात्र नुसती धांदल. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसासाठी कमान उभारत होते. बांबूचा सांगाडा आणि त्याला वरपासून खालपर्यंत नवं कोरं कापड गुंडाळलेलं. भगवं, पांढरं, हिरवं. ठाणच्या ठाण उलगडत होते. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू! मी म्हटलं, "काशीताई, एवढं कापड मिळालं कुठून? आमच्या मुंबईत गिरण्या आहेत, तरी दुकानात पंचा मिळत नाही."

"खास परवाना काढला," त्या म्हणाल्या. "असा दिवस काय रोज येतो?"

खरंच, रोज कुठं येतो, असं मलाही वाटलं.

पिंपळवाडी

मंडळाकडं ज्या मुलींनी अर्ज केले, त्यांत खेड्यातली एकच होती. हौसा नावाची. सातवी पास झालेली, नवरा लढाईत इटलीकडं कुठंतरी पडला, मूल नाही. तिचं अक्षर पाहून मी मुंबईतच ठरवलं होतं, की हिला घ्यायचंच. इस्पितळात स्वातंत्र्यदिनानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. तो दिवस चुकला, की वर्ष गेलं.

तिचं गाव कोरेगावच्या अलीकडं. मी ट्रंक टांग्यात टाकली. हौसाला भेटून तशीच कोरेगावला जाऊन सांगलीची गाडी धरायची, असा बेत. वाटेत टांगा रुतला म्हणून उतरले, तर चिखलानं माझ्या एका चपलेचा अंगठा तोडला आणि उरलेली वाट मी टांग्यामागं एक पाय ओढत चालले.

गावाच्या तोंडाशी चिंचेला पंचमीचे झोके बांधलेले होते. चांगले जाड दोर. पंचमी नुकतीच झालेली, श्रावणातलं ऊन पडलेलं, आणि झोक्यावर एकही पोर नाही की बाई नाही. वाऱ्यानं दोर हलत होते. आडावर पाण्याला एकच बाई. मुंबईच्या नळावर कशी झुंबड असते! मी टांगेवाल्याला म्हटलं, "बाबा, या गावातल्या बायका गेल्या कुठं?" तो म्हणाला, "काय म्हाईत. हल्ली दिसत न्हाईत खऱ्या."

हौसाच्या सासऱ्यांना गाव तात्या म्हणतो. पहिल्या महायुद्धातले शिपाई. मिशा पांढऱ्या पण पीळ कायम, अंगात बटणं तुटलेला खाकी कोट. त्यांनी ओसरीवर घोंगडं अंथरलं, पाय धुवायला पाणी दिलं, माझी तुटकी चप्पल उचलून स्वतः सुतळीनं शिवायला घेतली. हौसाची सासू पार्वतीबाई दारात आली. हिरवं लुगडं, विरून जाळी झालेलं, आणि डाव्या खांद्यावर खाकी कापडाचं मोठं ठिगळ. हसरी बाई. "लय लांबनं आलासा," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

"हौसाला बोलवा ना," मी म्हटलं.

तात्यांनी सुई थांबवली. "आमच्यात गोषा हाय, बाई. सुना म्होरं येत न्हाईत."

बरं, घरंदाज मराठ्यांत असतो गोषा. मी टांगेवाल्याला म्हटलं, तू जरा पारावर जाऊन बस. तो गेला. "आता तर इथं परका पुरुष नाही?"

"माझ्याम्होरंबी येत न्हाई ती."

"मग मीच आत जाते."

पार्वतीबाई आतून लगबगीनं आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. "आत धूर हाय, बाई. डोळं झोंबतील. तुमी हितंच बसा."

एवढ्यात आतून आवाज आला, स्वच्छ आणि न घाबरलेला, "आक्का, मी हितनं बोलती. तुमी इचारा." मी विचारलं. हिशोब, वाचन, रक्त पाहून घेरी येते का, रात्रपाळी जमेल का. प्रत्येक उत्तर चोख. एकदा तर माझाच प्रश्न तिनं दुरुस्त केला. अशी मुलगी दाराआड! माझं डोकं फिरलं. मी हात नाचवत बोलत सुटले. "तात्या, तुम्ही बोटीनं समुद्रापार जाऊन आलात. तुमचा मुलगा जगाच्या टोकाला लढला. देश स्वतंत्र झाला, आणि तुम्ही सुनेला दुसऱ्या बाईसमोरसुद्धा येऊ देत नाही? ही कसली हो अब्रू? अशानं इस्पितळात पाठवाल कसं तिला?"

तात्या मान खाली घालून चप्पल शिवत राहिले. माझा हात मात्र नाचता नाचता पार्वतीबाईनं पुढं केलेल्या पितळीला लागला आणि सगळा गुळाचा चहा तिच्या पदरावर गेला. हिरव्या लुगड्यावर आणि खाकी ठिगळावर हा एवढा तपकिरी डाग. मी ओशाळले, पुसायला उठले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वं," आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मी लावून देती तिला भाईर." आत गेली. दार लोटलं गेलं.

थोड्या वेळानं हौसा बाहेर आली. उंच, सावळी, नजर सरळ. मी तोंडभर हसून "ये गं" म्हणणार, तेवढ्यात माझी नजर तिच्या पदरावर गेली.

हिरवं लुगडं. डाव्या खांद्यावर खाकी ठिगळ. त्यावर चहाचा डाग, अजून ओला.

दवाखान्यात मी पुष्कळ बघितलं आहे. पण असं नाही. मी तात्यांकडं पाहिलं. ते सुतळीला गाठ मारत होते आणि ती गाठ काही बसत नव्हती.

हौसाच बोलली. "आमी दोघी एका वक्ताला भाईर पडत न्हाई, आक्का. सकाळी पाण्याला मी जाती, तवा आत्याबाई आत. त्या रानात गेल्या की मी आत. धुयाच्या दिवशी दोघीबी आत."

"आणि गाव?" मी विचारलं.

"गावात बी तसंच की," तात्या म्हणाले. "ज्यांच्यात कवा गोषा नव्हता, माळ्याच्यात, धनगराच्यात, त्यांच्यातबी यंदा गोषा शिरलाय. कुनी कुनाला इचारत न्हाई. रेशनावर कापड येतंय म्हनत्यात. येतंय आन् कुठं जातंय देवाला ठावं."

ते रिकामे झोके मला आठवले. मी उठले आणि कुणी अडवायच्या आत दार ढकलून आत गेले. धूर नव्हताच. कणगीच्या आड पार्वतीबाई घोंगडं गुंडाळून अंग चोरून बसली होती. ओलं, काळं, टोचरं घोंगडं. मला बघून ती उठू पाहत होती, उठता येईना. तशातही म्हणाली, "बसा की, बाई. चा परत टाकायला सांगती."

त्या "बसा की"नं माझे डोळे भरले, आणि भरले म्हणून मला आणखी राग आला. मी बाहेर येऊन टांगेवाल्याला हाक मारली, ट्रंक आणवली, दोन लुगडी काढली आणि तात्यांपुढं ठेवली.

तात्यांनी हात लावला नाही. "दान नगं, बाई. ह्या घरातनं पोरगं दिलं. त्येच्या बदल्यातबी कायी घेतल्यालं न्हाई आमी."

"मग हौसा सोमवारी येणार कशी?"

"ती गेली तर लुगडं तिच्यासंगं जानार. मग म्हातारी कवा भाईर पडायची? न्हाई जायाची ती. म्हनूनच म्हनलं गोषा हाय म्हनून."

म्हणजे एका शहाण्या मुलीचं सारं आयुष्य नऊ वार कापडावर अडलेलं. एवढं साधं होतं ते. हौसा खांबाला धरून उभी होती. काही मागत नव्हती. म्हणाली एवढंच, "माझा भाऊ मुंबईला गेला तो गेलाच. औंदा पंचमीला मुराळी आला न्हाई."

मुराळी! माहेरहून लेकीला न्यायला येतो तो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पदर खोचला आणि म्हटलं, "आला नाही कसा? मुंबईहूनच आलाय. चार दिवस उशीर झाला, गाडीचा दोष. तात्या, मी हौसाच्या माहेरची. लेकीला न्यायला आलेय. मुराळ्यानं रिकाम्या हातानं यायची तुमच्या साताऱ्यात पद्धत आहे का? कोरं लुगडं विहीणबाईंच्या मानाचं. हे माझं घरात नेसायचं लेकीला. मोठ्या बहिणीचं जुनं नेसायला लाज कसली? आता मान नाकारायचा असेल तर नाकारा. पण मग व्याह्यांचा अपमान केलात असं गावभर सांगत जाईन, आणि माझं तोंड कसं आहे ते तुम्ही मघाशी ऐकलंच आहे."

तात्यांनी सुतळीची गाठ घट्ट केली आणि चप्पल माझ्या पायाशी ठेवली. मग उठले, आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? ईहीनबाई आल्यात. भाईर ये. कुकू लाव त्यास्नी."

पार्वतीबाई कोरं लुगडं नेसून बाहेर आली. मागून हौसा. दोघी ओसरीवर एकदम उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडं बघून अशा हसायला लागल्या, की त्यांना थांबता येईना. घरात राहून त्यांनी एकमेकींना उजेडात एकत्र पाहिलं नव्हतं, कोण जाणे किती दिवसांत. तात्या कोटाच्या बाहीनं तोंड पुसत अंगणात गेले. "सोमवारी मी सोता मिरजंला घिऊन येतो," म्हणाले.

सांगली

सांगलीला उतरले ती अंगावरच्या एका लुगड्यात, काठाला कोरेगावचा चिखल. संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. टांगेवाल्यापासून पानवाल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तीच चर्चा, आता आपण कुणाचे? हळदीचा वास पेठेत भरून राहिलेला, कृष्णा गढूळ आणि तुडुंब. एरवी मी भडंग खात घाटावर तासभर बसले असते. पण पेठेत पाऊल टाकलं आणि चाल थांबली. साताऱ्यात एक कमान होती, इथं दर वळणावर कमान. एका व्यापाऱ्यानं तर आपल्या पेढीपासून देवळाच्या रस्त्यापर्यंत डोक्यावर मांडव घातला होता, सबंध मलमलीचा. खालून चालताना मी वर बघून लुगडी मोजायला लागले. ह्या कमानीत माळ्याच्या घरातल्या, त्या कमानीत धनगराच्या. मग मोजणं सोडून दिलं.

सभेच्या चिटणीस मालतीबाई मोठ्या प्रेमळ. माझ्या काठाकडं बघून हळूच म्हणाल्या, "बाई, साडी बदलायची आहे ना? आत सोय केली आहे."

"आमच्यात गोषा आहे," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. त्या हसल्या.

माझा विषय होता भारतीय स्त्रीची प्रगती. लिहून नेलेलं मी बाजूला ठेवलं आणि पिंपळवाडी सांगितली. डाग सांगितला, घोंगडं सांगितलं, गोषाचा अर्थ सांगितला. शेवटी म्हटलं, "बायांनो, ह्या कमानी आज संध्याकाळी उतरवा. कापड रात्रीच्या गाडीनं कोरेगावला पाठवू. मी स्वतः घेऊन जाते."

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना रुमाल लावून रडत होत्या. मला वाटलं, झालं काम! मी व्यासपीठावरून उतरून थेट पदर खोचला. तोवर मालतीबाईंनी माझ्या गळ्यात हार घातला. "काय बोललात हो! काळजाला हात घातलात. पुढच्या वर्षीही तुम्हीच यायचं."

"आणि कमानी?"

"कमानी?" त्या दचकल्या. "अहो, त्या नगराच्या. त्याला समिती आहे, परवाना आहे. तो मांडव तर त्या शेठजींचा खासगी. असं कसं काढता येईल? आणि पुढच्या वर्षी लागतीलच ना."

मला वाटलं, आपण नागव्या माणसांविषयी सुंदर बोलू शकतो, त्यावर रडूही शकतो आणि मग जेवायला बसू शकतो. मीही बसले. पुरणपोळी होती.

संध्याकाळी धो धो पाऊस लागला. कमानींचे रंग सुटले. भगवा पांढऱ्यात उतरला, हिरवा रस्त्यावर. शेठजींच्या मांडवाला पाण्याचे फुगे आले आणि तो मधोमध फाटला. खिडकीतून मी ते बघत राहिले. झोप आली नाही.

मिरज

सोमवारी सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी मी केव्हाची उभी. रस्त्यानं तंबोऱ्याचे भोपळे लादलेली गाडी गेली, दोन गाड्यांची माणसं उतरून गेली, हौसाचा पत्ता नाही. मनात नाही नाही ते आलं. शेवटी दुरून खाकी कोट दिसला. मागं हौसा. तिच्या अंगावर तेच जुनं हिरवं लुगडं, खांद्यावर ठिगळ, चहाचा डाग धुऊनही राहिलेला.

"अगं, मी दिलेलं कुठं गेलं?" माझा सूर जरा चढलाच.

"पलीकडच्या घरात तीन जावा हायत, आक्का. त्यांच्यात एकच हुतं, त्येबी फाटलं. धाकटी पोटुशी हाय, तिला दिलं. मला हितं इस्पितळाचं मिळंल की."

मिळालं. पांढरंशुभ्र, करकरीत. ते नेसून ती बाहेर आली तेव्हा ओळखू येईना. तिच्या हातात जुन्या हिरव्या लुगड्याची घडी होती. ती तिनं तात्यांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. तात्यांनी ती पायरीवर पुन्हा उलगडली, पलटणीत कांबळं घडी करतात तशी कडेला कड लावून घातली, कोटाच्या आत छातीशी ठेवली आणि चालायला लागले.

मी मागून धावले. "तात्या, थांबा, निदान चहा तरी घ्या. इतक्या लांबून आलात."

ते थांबले, पण तोंड स्टेशनाकडंच. "न्हाई, ईहीनबाई. ही गाडी चुकली तर उद्याला पलीकडच्या घरातली ती मधली जाऊ पाण्याला जायाची कशी?"